चर्व्हिल: वाफेबरोबर उडणारा पाला आणि झिजत आलेले नाव

कोकणातल्या स्वयंपाकघरात चर्व्हिल या युरोपीय सुवासिक पाल्याची भावंडे पुष्कळ नांदतात. चर्व्हिल स्वतः मात्र इकडे कधी रुजली नाही. कोथिंबीर, जिरे, ओवा, शेपू, बडीशेप, हिंग, गाजर ही सगळी एकाच कुळातली. परसातली कोथिंबीर वेळेवर खुडली नाही आणि ती फुलावर गेली, की छत्रीच्या काड्यांसारखे देठ पसरतात आणि त्यांच्या टोकांना पांढरी बारीक फुले येतात. हा फुलोरा या कुळाची खूण, आणि चर्व्हिलही अशीच फुलते. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव अँथ्रिस्कस सेरेफोलियम. रोप हात-दीड हात उंच, एका हंगामात आटोपणारे. पाने कोथिंबिरीहून बारीक कातरलेली, लांबून गाजराचा पाला वाटावा अशी. चव सांगायची तर आधी पार्सलीचा हिरवेपणा लागतो आणि त्यामागून बडीशेपेची हलकी गोडी येते.

मराठीत तिला रूढ नाव नाही. ‘विलायती कोथिंबीर’ म्हणून मोकळे होता आले असते, पण ‘विलायती’ हे विशेषण आपण इतक्या झाडाझुडपांना लावून ठेवले आहे की त्यातून काहीच कळत नाही. म्हणून चर्व्हिलच म्हणू. उच्चार सर्व्हिसमधल्या ‘र्व्हि’सारखा.

हल्ली परदेशी पालेभाज्यांच्या बियांची पाकिटे घरपोच मिळतात, त्यांत चर्व्हिलही असते. पाककृतींच्या व्हिडिओंत ती दिसते. मग कोणीतरी हौसेने लावतो, फोडणीत टाकतो आणि म्हणतो, दिसायला छान, पण चव काही लागत नाही बुवा. तक्रार खरी आहे. चर्व्हिलचा वास आचेवर टिकत नाही आणि वाळवल्यावरही टिकत नाही. तिला वापरायचे कसे, हे तर यावरून ठरतेच. पण ज्या किनाऱ्यावर जगभरची गलबते लागली, तिथे ती का पोचली नाही, याचेही बरेचसे उत्तर यातच आहे.

वास जातो कुठे?

चर्व्हिलच्या वासातला महत्त्वाचा घटक एस्ट्रागोल. टॅरागॉन नावाच्या दुसऱ्या एका युरोपीय पाल्यात हेच द्रव्य असते. त्या पाल्याच्या फ्रेंच नावावरून, एस्त्रागाँवरून, हे नाव पडले. बडीशेपेचा ओळखीचा वास मुख्यतः अ‍ॅनेथोलचा. गंमत अशी की दोन्ही रेणूंचे सामान अगदी सारखे: १० कार्बन, १२ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. फरक एवढाच की कार्बनच्या शेपटीतला एक दुहेरी बंध एका घराने पुढेमागे आहे. म्हणून चर्व्हिल तोंडात टाकली की आपल्याला आधी बडीशेप आठवते. एस्ट्रागोलची ओळख करून घ्यायला चर्व्हिलच हवी असे नाही. सब्जाच्या काही जातींत ते भरपूर असते, पान चुरगळून हुंगले की कळते.

मग बडीशेप मसाल्याला चालते, मुखवासाला चालते, वर्षभर बरणीत राहते. आणि चर्व्हिल का नाही? बडीशेप, जिरे, धणे यांना आपण बी म्हणतो, पण ती खरे तर या झाडांची वाळलेली फळे आहेत. त्यांच्या सालीत तेलाच्या बारीक बंद नळ्या असतात. दाणा वाळतो तेव्हा पाणी निघून जाते, तेल मात्र आत कोंडलेले राहते. आपण भाजतो, कुटतो तेव्हा ते सुटते. चर्व्हिलच्या पातळ पानात मुळात तेल थोडे, आणि पान वाळताना तेही पाण्याच्या मागोमाग निघून जाते. वाळवलेली चर्व्हिल युरोपातल्या दुकानांत बाटलीत विकतात. माझ्या मते तो पैसे देऊन घेतलेला हिरवा भुसा आहे.

आचेचे गणित थोडे वेगळे. एस्ट्रागोल उकळते २१६ अंशांच्या आसपास. आमटी उकळते १०० अंशांना. म्हणजे हिशेबाने ते आमटीतून उडायला नको. पण पाण्याची वाफ निघते तेव्हा ती असली तेले स्वतःबरोबर ओढून नेते, त्यांना त्यांच्या उत्कलनबिंदूपर्यंत जावेच लागत नाही. गवती चहाचे तेल काढतात ते याच तत्त्वावर: पाल्यातून वाफ सोडायची, ती वाफ थंड करायची, पाण्यावर तेल तरंगते. उघड्या पातेल्यात उकळणाऱ्या रश्श्यात चर्व्हिल टाकली की हेच घडते. फरक इतकाच की सुटलेले तेल धरून ठेवायला पुढे काही नसते. सगळ्या घराला सुवास येतो आणि ताटात नुसता हिरवा रंग उरतो.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ कधी घालायचे, किंवा आमटीवर कोथिंबीर कधी भुरभुरायची, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. चर्व्हिलचा नियम मात्र त्याहून कडक. आधी विस्तव बंद, मग पाला, आणि चिरायचाही तो आयत्या वेळी. धारदार सुरीने चिरावा किंवा हातानेच तोडावा. बोथट विळीवर तो चेंगरतो आणि अर्धा वास पाटावरच राहतो.

फ्रेंच स्वयंपाकाने हे ओळखले आणि चर्व्हिलभोवती पद्धतच बसवली. पार्सली, चाइव्ह म्हणजे कांद्याच्या पातीची बारीक चुलतबहीण, टॅरागॉन आणि चर्व्हिल या चौघींच्या ताज्या मिश्रणाला ते ‘फिन-झेर्ब’ म्हणतात. त्याचे सगळ्यात ओळखीचे ठिकाण म्हणजे ऑम्लेट: अंडे जेमतेम जमलेले असताना पाला पडतो आणि लगेच ताटात. बेअर्नेझ या लोणी-बलकाच्या सॉसमध्येही टॅरागॉन व्हिनेगरात आटवतात, आणि चर्व्हिल घालतात ती शेवटी, चिरून. जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या हिरव्या सॉसमध्ये ७ पाले लागतात, त्यांतली एक चर्व्हिल. हा सॉस थंडच असतो, दही-सायीच्या जातीचा, उकडलेल्या अंड्यांबरोबर आणि बटाट्यांबरोबर खातात. त्याला २०१६ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या हापूसला भारतातले असे मानांकन २०१८ मध्ये मिळाले. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाला जर्मन लोक ‘हिरवा गुरुवार’ म्हणतात आणि त्या दिवशी हिरवे खायची रीत आहे. चर्व्हिलचे सूप हा त्यातला जुना पदार्थ. थंडी सरताना वर येणारा हा पहिल्या पाल्यांपैकी एक, त्यामुळे दिवसाशी त्याची जोडी सहज जमली असावी.

आपल्या रांधपात ती कुठे बसेल? सोलकढीत नको. आमसूल आणि लसूण यांच्यापुढे तिचा आवाज ऐकूच येत नाही. मालवणी मसाल्याच्या कुठल्याही पदार्थात नको. अंडापोळीत मात्र छान लागते, मिरची अगदी नावापुरती ठेवली तर. मुडदुशासारख्या सौम्य मासळीचे बिनतिखटाचे, पातळ कालवण उतरवल्यावर वरून चिमूटभर घातली तर चांगली लागते. वाफवलेल्या पापलेटावर लोणी आणि चर्व्हिल, किंवा उकडलेल्या नव्या बटाट्यांवर तेच. नारळाच्या रसात ती चालेल असे वाटते, पण नारळ स्वतःच इतका गोड आणि भरदार की पाल्याची गोडी त्यात विरून जाते. थोडक्यात, जिथे कोथिंबीर दांडगाई करेल असे वाटते, तिथे चर्व्हिल घालून पाहावी.

चौलला न उतरलेला पाला

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यांवर आपल्या किनाऱ्याला येत. त्या काळातले एका ग्रीक भाषकाने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे सागरी वाटांचे टिपण उपलब्ध आहे. त्यातले ‘सेमुल्ला’ बंदर म्हणजे अलिबागजवळचे चौल, असे अभ्यासक मानतात. म्हणजे चर्व्हिलला ज्या ग्रीक भाषेत नाव मिळाले, ती भाषा बोलणारी माणसे तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावर ये-जा करत होती. पुढे पोर्तुगीज आले. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, आणि त्यांच्या मार्गाने काजू, मिरची, अननस, बटाटा असे कितीतरी आपल्याकडे आले.

या सगळ्या मालात एक साम्य दिसते. मिरे, जिरे, मिरची, काजू-बी, कंद: समुद्रावर महिनोन्‌महिने काढून पुन्हा खाता किंवा पेरता येईल असेच ते सामान होते. वाळला की वास गमावणारा पाला व्यापाऱ्याच्या काय कामाचा? बी आणता आले असते, पण चर्व्हिलचे बी फार दिवस टिकत नाही. वर्षभरानंतर उगवण बरीच घसरते. शिवाय पोर्तुगीजांना तिची ओढही नव्हती. युरोपात ताजी कोथिंबीर मनापासून खाणारे लोक कोणते, तर पोर्तुगीज. त्यांना इथे उतरल्यावर हवा तो पाला दारातच मिळाला.

नावाचा प्रवास

पाला जागचा हलला नाही, नाव मात्र युरोपभर फिरले आणि प्रत्येक मुक्कामावर थोडे थोडे झिजले. ही झीज कशी होते हे काजूच्या निमित्ताने आपल्याला माहीत आहे. ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला ‘अकाजू’ पोर्तुगीजांच्या तोंडी ‘काजू’ झाला आणि वेंगुर्ल्यापर्यंत तसाच आला. ‘अननस’ही तिथलाच.

चर्व्हिलच्या नावाचे मूळ ग्रीक मानतात: ‘खाइरेफुल्लोन’. त्याचे दोन तुकडे. ‘खाइरेइन’ म्हणजे आनंदणे आणि ‘फुल्लोन’ म्हणजे पान. आनंदाचे पान. ‘खाइरे’ हा ग्रीकांचा रोजचा नमस्कारही होता, भेटताना आणि निरोप घेतानाही म्हणायचा. शब्दशः ‘आनंदात राहा’. चौलच्या धक्क्यावर तो कोणीतरी कोणाला घातलाही असेल. आपल्या चिपळूणकडच्या कातभट्ट्यांतल्या खैराशी किंवा खैरे आडनावाशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या तशी पोस्ट फिरायला लागेल. ‘हर्ष’शी जोडायचाही मोह होतो. तोही आवरावा, कारण हर्षाचे मूळ अंगावर काटा उभा राहण्यात आहे. ‘रोमहर्षक’ म्हणताना आपण ते अजून वापरतो. भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘खाइरेइन’चा सांधा जोडतात तो वेदातल्या ‘हर्यति’शी, म्हणजे आवडणे, हवेसे वाटणे या क्रियापदाशी. दुसरा तुकडा, ‘फुल्लोन’, आपण शाळेत पाठ केलेला आहे: क्लोरोफिलमधला ‘फिल’ तोच. हिरवट या अर्थाचा ‘ख्लोरोस’ आणि पान, असे जोडून फ्रेंच शास्त्रज्ञ पेलतिए आणि काव्हाँतू यांनी १८१८ मध्ये हरितद्रव्याला ते नाव दिले.

आनंद नक्की कशाचा? वासाचा, की हिवाळ्यानंतर लवकर उगवण्याचा, यावर बरेच लिहिले जाते. मला वासाचे कारण पुरेसे वाटते.

रोमन लोकांनी हा शब्द उचलला. पहिल्या शतकातला कोलुमेल्ला, ज्याने शेतीवर १२ खंड लिहिले, त्याच्याकडे हे झाड येते. पुढे लॅटिनमध्ये एक मजेदार गोष्ट झाली. पानाला लॅटिन शब्द ‘फोलिउम’. ग्रीक ‘फुल्लोन’ त्याच्या इतका जवळचा की लोकांनी परका तुकडा काढून आपला बसवला, आणि ‘केरेफोलिउम’ तयार झाले. अर्धे ग्रीक, अर्धे लॅटिन. शार्लमेन बादशहाच्या इस्टेटींसाठी इ. स. ८०० च्या सुमारास काढलेल्या फर्मानात बागेत काय लावावे याची लांबलचक यादी आहे. तीत ‘केरफोलिउम’ आहे, आणि कोथिंबीर, जिरे, शेपू, बडीशेप ही आपली मंडळीही आहेत.

आता खरा गुंता. फ्रेंचमध्ये हे नाव ‘स’ने सुरू होते, सेर्फय. इटालियनमध्ये ‘च’ने, चेरफोल्यो. जर्मन म्हणतात केर्बेल, डच केर्व्हल. इंग्रजीत चर्व्हिल. एकाच शब्दाच्या तोंडाशी स, च आणि क कसे?

‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर टेकतो. ‘ए’ आणि ‘इ’ म्हणताना जीभ पुढे सरकलेली असते. ‘के’ किंवा ‘कि’ भराभर म्हणणाऱ्या पिढ्यांच्या तोंडात ‘क’ हळूहळू पुढे ओढला जातो आणि त्याचा ‘च’ होतो. काही ठिकाणी आणखी पुढे जाऊन ‘स’. हे फक्त युरोपात घडले असे नाही. संस्कृतात एकाच धातूपासून ‘पचन’ही आहे आणि ‘पाक’ही. मुळात दोन्हीकडे क-सारखाच ध्वनी होता. ज्या रूपात त्याच्यापुढे ए-सारखा स्वर होता तिथे ‘च’ झाला, ज्यात ओ-सारखा होता तिथे ‘क’ राहिला. नंतर ते दोन्ही स्वर अ-आमध्ये मिसळून गेले, म्हणून आज कारण दिसत नाही, परिणाम तेवढा दिसतो. पाकशास्त्र आणि पचनशास्त्र यांच्यातला क-च आणि केर्बेल-चर्व्हिलमधला क-च एकाच जातीचे आहेत.

जर्मन आणि इंग्रजी यांच्या पूर्वजांनी हा शब्द घेतला तेव्हा लॅटिनमध्ये ‘क’ शाबूत होता. जर्मनने तो जपला. जुन्या इंग्रजीत त्याचा स्वतंत्रपणे ‘च’ झाला. तिथले रूप ‘चेर्विले’. अगदी हीच वाट चीजने धरली: लॅटिन ‘कासेउस’, जर्मन ‘केझं’, इंग्रजी ‘चीज’. मधला ‘व्ह’ही हिशेबातलाच. जुन्या इंग्रजीत अशा जागी ‘फ’चा उच्चार ‘व्ह’ होई, ‘नाइफ’चे अनेकवचन ‘नाइव्ह्ज’ होते त्यात तो अजून ऐकू येतो. जर्मनमध्ये पुढे व्हचा ‘ब’ झाला. मराठीत वीस म्हणतात आणि हिंदीत बीस, तसलाच हा प्रकार.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी या नावाचे आणखी एक लफडे करून ठेवले आहे. लॅटिन वळणाचे ‘सेरेफोलियम’ खाण्याच्या चर्व्हिलला मिळाले, तर ग्रीक वळणाचे ‘कॅरोफायलम’ त्याच कुळातल्या दुसऱ्या एका प्रजातीला. म्हणजे एकच नाव दोन घरांत. कॅरोफायलममधल्या एका झाडाची गाठ शिजवून खातात, तिला कंदाची चर्व्हिल म्हणतात. त्याच प्रजातीतले दुसरे एक झाड विषारी आहे. त्यामुळे बियांच्या पाकिटावर अँथ्रिस्कस सेरेफोलियम हे पूर्ण नाव पाहूनच घ्यावे. आणि युरोपात फिरायला गेलात तर रस्त्याकडेची ‘रानचर्व्हिल’ तोडून खाऊ नये. सॉक्रेटिसला दिलेले हेमलॉक याच कुळातले, आणि पाल्यावरून ते ओळखताना तिथल्या लोकांचीही फसगत होते.

कोकणात लावायची तर

कोकणची हवा तिच्या सोयीची नाही. किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी तिशी पार होते, आणि ऊन तापले की चर्व्हिल पाने सोडून थेट फुलावर जाते. मग पाने कडवट लागतात. पावसाळ्याचा तर विचारच नको. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात हा पाला कुजतो. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारीची सुरुवात एवढेच दिवस. किनाऱ्यापेक्षा दापोलीसारख्या उंचावरच्या, रात्री गार होणाऱ्या गावांत जास्त आशा.

पोफळीच्या किंवा नारळाच्या बागेतली चाळणीतून आल्यासारखी सावली तिला चालते. जांभ्याची तांबडी माती निचऱ्याला उत्तम, पण लवकर सुकते, म्हणून कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा भरपूर मिसळावा. बी खोल पुरू नये. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून वरून मातीचा नुसता हात फिरवावा. रोप उपटून दुसरीकडे लावले तर रुसते, कारण मूळ गाजरासारखे सरळ खाली जाते. म्हणून जिथे वाढवायची तिथेच, खोल कुंडीत किंवा वाफ्यात पेरावी. माती कायम ओलसर हवी, पण चिखल नको. सहा ते आठ आठवड्यांत पाने खुडण्याजोगी होतात. बाहेरची पाने आधी काढावीत, मधला कोंब राहू द्यावा. सगळे बी एकदम न पेरता दर पंधरवड्याला थोडे पेरले तर एक वाफा फुलावर जाईपर्यंत दुसरा तयार होतो.

खुडलेला पाला ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. जास्त झाला तर वाळवू नये. बारीक चिरून मऊ लोण्यात कालवावा आणि ते लोणी गोठवावे. चरबीत हे तेल बऱ्यापैकी धरून राहते. आणि चर्व्हिल मिळालीच नाही, तर परसातल्या बडीशेपेचे कोवळे शेंडे एक भाग आणि पार्सली तीन भाग घ्यावी. पार्सली नसेल तर अगदी कोवळी कोथिंबीर चालेल, पण मग बडीशेपेचे शेंडे थोडे वाढवावेत.